स्नायूंचा आजार घरात असताना साथ आली तर : खेड्यातल्या घरासाठी तयारी

जानेवारी २०२५ मध्ये टीव्हीवर एचएमपीव्ही नावाच्या सर्दी-खोकल्याच्या विषाणूच्या बातम्या सुरू झाल्या अन् आमच्या ओळखीतल्या घरांतून फोन यायला लागले, दादा आता पुन्हा २०२० सारखंच होते का, आमच्या पोराचं काय करायचं. फोनवर तुकड्या-तुकड्यात जे सांगितलं ते इथं एका जागी लिहून राह्यलो. माझ्या लहान भावाला डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू झिजत जायचा आजार आहे, व्हीलचेअरवर असतो, रात्री बायपॅप, म्हणजे मास्कमधून श्वास ढकलणारं मशीन, लावून झोपतो. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्याला जायला काळीपिवळी अन् मोठ्या डॉक्टरसाठी नागपूर नाहीतर वर्ध्याकडचे सावंगी-सेवाग्रामचे मोठे दवाखाने. डुशेनच नाही तर लिंब गर्डल, एसएमए, मायस्थेनिया, ज्या कोणत्या आजारात स्नायूंची ताकद जाते त्या सगळ्या घरांना यातलं बरंच लागू पडते. मी डॉक्टर नाही, हे वाचून औषधाचा डोस कमी-जास्त करू नका. डॉक्टरला काय विचारायचं अन् त्याआधी घरी काय करून ठेवायचं तेवढं यातून घ्या.

सगळ्यात मोठी गोष्ट पहिले सांगतो. आपल्या माणसाचं फुफ्फुस बहुतेक वेळा चांगलं असते, पण श्वास ओढणारे स्नायू, म्हणजे छातीखालचा पडदा अन् बरगड्यांमधले स्नायू, ते कमजोर असतात. विहिरीत पाणी आहे पण मोटरच ओढत नाही, तसं. त्यात खोकायची ताकद नसते, म्हणून साध्या सर्दीतही कफ छातीत बसतो अन् पाहता पाहता न्युमोनिया होतो. बाकी लोकांना त्रास झाला की ते धापा टाकतात, सगळ्यांना दिसते. आपलं माणूस धापा टाकत नाही, कारण धाप टाकायलाही स्नायूच लागतात. ते गप्प होते, झोपाळते, आवाज बारीक होतो, अन् घरातले म्हणतात ताप आहे म्हणून झोपून राह्यला, झोपू द्या. ही झोप धोक्याची असू शकते. हे आधी घरानं समजून घ्यायचं अन् मंग दवाखान्यातल्या माणसाला समजावून सांगायचं, बाकी सगळी तयारी याच्या मागून येते.

मंग पाहायचं काय? सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखते का. उताणं झोपवलं की घाबरल्यासारखं करते का, उशी उंच मागते का. बोलताना एका दमात वाक्य पूर्ण होते की मधातच थांबावं लागते. भाकर चावायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागते का. मानेचे स्नायू ताणून श्वास घेऊन राह्यला का. आणि अंगावरचं कापड बाजूला करून पोटाकडं पाहा, श्वास आत घेताना पोट वर यायला पाहिजे, ते उलटं आत जात असंल तर पडदा थकला आहे असं समजा अन् वाट पाहू नका.

एक सोपी गोष्ट घरी करता येते, पैसे लागत नाहीत. बसवून पूर्ण श्वास घ्यायला लावायचा अन् एकाच दमात एक, दोन, तीन असं मोठ्यानं मोजायला लावायचं, साधारण एका सेकंदाला दोन आकडे. चांगल्या माणसाचा आकडा पन्नासच्या आसपास जातो, वीसच्या खाली आला की डॉक्टर लोकं सावध होतात, पण आपल्या माणसाचा चांगल्या दिवसातलाच आकडा कमी असू शकतो म्हणून बाहेरच्या आकड्याशी तुलना करण्यात अर्थ नाही. सगळं ठीक असताना आठवड्यातून एकदा मोजून कॅलेंडरवर लिहून ठेवा. ताप-सर्दीच्या दिवसात सकाळ-संध्याकाळ मोजा, नेहमीच्या आकड्यातून चांगली घट दिसली की फोन लावा. कोरोनात सगळ्यांना सहा मिनिटं चालून ऑक्सिजन पाहायला सांगत होते, जे पोरगं उभंच राहत नाही त्याच्यासाठी काय करायचं हे कोणी सांगत नव्हतं, म्हणून हे मुद्दाम सविस्तर लिहिलं.

ऑक्सिमीटर घरात पाहिजेच. बोट गरम पाहिजे, नेलपॉलिश किंवा दाट मेंदी असंल तर दुसरं बोट घ्या, अर्धा-एक मिनिट थांबून स्थिर झालेला आकडा वाचा. ९५ च्या खाली येऊन राह्यला तर आपल्या माणसाच्या बाबतीत पहिले शंका कफाची अन् थकलेल्या श्वासाची घ्यायची. पण आकडा ९७ आहे म्हणून सगळं ठीक, असंही नाही. ऑक्सिमीटरला कार्बन डायऑक्साइड दिसत नाही.

आता ऑक्सिजनचं. हे मी जरा थांबून सांगतो कारण इथंच घात होतो. श्वास पुरेसा आत-बाहेर होत नसला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साचत जातो. अशा माणसाला नुसता ऑक्सिजन लावला की ऑक्सिमीटरवरचा आकडा छान वर येतो, सगळे खूश होतात, पण आत कार्बन डायऑक्साइड तसाच वाढत राहतो अन् माणूस झोपाळत झोपाळत बेशुद्धीत जाऊ शकते. म्हणून आपल्या लोकांना ऑक्सिजनसोबत श्वास ढकलणारं मशीन, म्हणजे बायपॅप, बहुतेक वेळा लागते, अन् एबीजी नावाची रक्ताची तपासणी लागते ज्यात कार्बन डायऑक्साइड समजतो. याचा अर्थ ऑक्सिजन नको म्हणायचं असा अजिबात नाही! आकडा खाली गेला असंल तर ऑक्सिजन लागतोच, तो नाकारू नका. फक्त सोबत विचारा, "डॉक्टर साहेब, एबीजी करता का, बायपॅप लावता का, याचे श्वासाचे स्नायू कमजोर आहेत." एवढं वाक्य घरातल्या आजीलाही पाठ पाहिजे.

पण आजी बोलली तरी कॅज्युअल्टीत गर्दी असते, कोणी ऐकत नाही, म्हणून कागद पाहिजे. माझ्या मते या सगळ्या तयारीत या एका कागदाचं मोल सगळ्यात जास्त. साथ यायच्या आधीच, शांत दिवसात, आपल्या न्यूरोलॉजिस्टकडून, म्हणजे मेंदू-नसांच्या डॉक्टरकडून, लिहून घ्या, सही-शिक्का पाहिजे, एक मराठीत अन् एक इंग्रजीत. एक प्रत फाइलमध्ये, एक व्हीलचेअरच्या पिशवीत, अन् एक फोटो घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये. भावाच्या कागदावर साधारण असं आहे:

"मला डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. माझे श्वासाचे अन् खोकल्याचे स्नायू कमजोर आहेत. नुसत्या ऑक्सिजनवर ठेवल्यास माझ्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचू शकतो, कृपया एबीजी करा, ऑक्सिजनसोबत बायपॅप द्या, माझं मशीन सोबत आणलं आहे. मी रोज स्टिरॉइड घेतो, ते अचानक बंद करू नका. माझं एसजीओटी, एसजीपीटी अन् सीपीके स्नायूंमुळे नेहमीच वाढलेलं असते, जुने रिपोर्ट मागे जोडले आहेत. भूल द्यायची किंवा नळी टाकायची वेळ आली तर सक्सिनिलकोलीन वापरू नका. मला कुशीवर वळता येत नाही, पाणी हातानं घेता येत नाही, बेल दाबता येत नाही. माझ्यासोबत घरचं एक माणूस राहू द्या."

सक्सिनिलकोलीन हे भूल देताना स्नायू ढिले करायचं औषध आहे. एसजीपीटीची ओळ काहून टाकली ते सांगतो. हे एन्झाइम लिव्हरमध्ये असतात तसे स्नायूंतही असतात, डुशेनमध्ये स्नायू झिजतात म्हणून रिपोर्टमध्ये ते कायम वाढलेले दिसतात. एका दवाखान्यात तो रिपोर्ट पाहून लिव्हर खराब आहे म्हणून चालू औषधं थांबवायला निघाले होते, जुने रिपोर्ट दाखवले तेव्हा थांबले. किडनीसाठी पाहतात त्या क्रिएटिनिनचं उलटं आहे, स्नायू कमी असले की ते तसंही कमीच येते, म्हणून ते नॉर्मल दिसलं तरी किडनी ठीकच आहे असं धरता येत नाही, हेही डॉक्टरच्या कानावर घाला. दुसरा आजार असंल तर कागदावरचा मजकूर वेगळा राहीन, आमचा जशाचा तसा उतरवू नका.

मायस्थेनियावाल्यांसाठी तर हा कागद अजूनच गरजेचा. आपल्या गावात ताप आला की सुई मारून द्या, सलाइन लावून द्या, असं आपणच मागतो. पण अॅमिकासिन-जेंटामायसिनची इंजेक्शनं, अॅझिथ्रोमायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन-लेव्होफ्लॉक्सासिन, शिरेतून दिलेलं मॅग्नेशियम, यांनी मायस्थेनियात कमजोरी एकदम वाढू शकते. २०२० मध्ये गाजलेली हायड्रॉक्सिक्लोरोक्विन पण त्याच यादीत येते, अन् ती गोळी लोकं मेडिकलमधून आपल्या मनानं आणून खाऊन राह्यले होते. कधी कधी डॉक्टरला यातलं एखादं द्यावंच लागते, तो निर्णय त्यायचा, पण आजाराचं नाव माहीत असताना घेतलेला पाहिजे. तापाला पॅरासिटामॉल चालते. झोप आणणारं खोकल्याचं औषध अन् झोपेची गोळी मात्र सगळ्याच स्नायूवाल्यांनी विचारल्याशिवाय घ्यायची नाही, त्यानं श्वास अजून मंदावतो.

स्टिरॉइड, म्हणजे प्रेडनिसोलोन किंवा डेफ्लाझाकोर्ट, याच्याबद्दल व्हॉट्सअॅपवर फिरत होतं की प्रतिकारशक्ती कमी करते, साथीत बंद करा. करू नका. रोज बाहेरून स्टिरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करते, अचानक बंद केलं की बीपी पडतो, जीवावर बेतते. उलट्या होऊन गोळी पोटात राहत नसंल तर तीसुद्धा इमर्जन्सीच आहे, इंजेक्शननं द्यावी लागते. मोठ्या तापात काही वेळ डोस वाढवावा लागतो, किती ते आधीच लिहून घ्या. हृदय पण स्नायूच आहे, डुशेनमध्ये त्याच्याही गोळ्या असतात, त्यांचंही तसंच, मनानं बंद नाही. लॉकडाउन लागला तेव्हा, २५ मार्च २०२० पासून, तालुक्याच्या मेडिकलमध्ये बीपीची गोळी मिळत होती पण डेफ्लाझाकोर्ट मिळत नव्हती. तेव्हापासून आमच्या घरी महिनाभराची औषधं शिलकीत असतात, जुनी पहिले वापरायची अन् नवी मागे ठेवायची.

आता घरात कोण येते-जाते त्याच्यावर. शहरात फ्लॅटचं दार लावलं की झालं, आपल्याकडं तसं नाही. सपरीत दिवसभर कोणी ना कोणी बसलेलं असते, कापूस वेचायच्या दिवसात बाया मजुरी न्यायला येतात, सोयाबीनच्या मळणीचा हिशोब घरीच होतो, कोणाची तेरवी, कोणाचं लग्न, नाही म्हणता येत नाही. आम्ही नाही म्हणायच्या ऐवजी जागा बदलली. बैठक बाहेर ओट्यावर, भावाची खोली आतल्या बाजूची, तिच्यात फक्त माय अन् मी, अन् आमच्यातल्या एकाला शिंक जरी आली तर दुसऱ्यानं सगळं पाहायचं. नातेवाइकाला खिडकीतून बोलता येते, त्यात कोणाचा अपमान नाही. तेरवीला घरातून एकच माणूस जाईन अन् ते माणूस भावाला उचलणारं नसंल, एवढं ठरवून घेतलं की भांडण होत नाही.

उचलणं हा खरा प्रश्न आहे. दोन हात दूर राहा म्हणतात, पण ज्याला बाजेवरून खुर्चीत अन् खुर्चीतून न्हाणीत न्यायचं आहे त्याच्यापासून दूर कसं राहणार. समोरून काखेत हात घालून उचललं की दोघांची तोंडं एकमेकासमोर येतात. त्यापेक्षा एकानं मागून काखेखालून धरायचं, दुसऱ्यानं बाजूनं मांड्यांखालून, तोंड बाजूला वळवलेलं, अन् मास्क उचलणाऱ्यानं लावायचा. जाड चादर अंगाखाली सरकवून दोघांनी धरली तर अजून सोपं जाते, काखेलाही ताण येत नाही. उचलायच्या आधी अन् नंतर साबणानं हात. मास्क आजारी माणसाला लावायचा असंल तर एकच नियम, ज्याला स्वतःच्या हातानं मास्क काढता येत नाही त्याला मास्क लावून एकटं सोडायचं नाही, मिनिटभर पण नाही.

हवेच्या बाबतीत आपला कूलर चांगला आहे, फक्त लावायचा बरोबर. खिडकीत बाहेरून बसवलेला कूलर बाहेरची हवा आत घेतो, म्हणून समोरची खिडकी किंवा दार उघडं ठेवलं की घरातली जुनी हवा बाहेर निघून जाते. खोलीच्या मधात कूलर ठेवून दारं-खिडक्या बंद केल्या की तीच हवा फिरत राहते, ओल वाढते, अन् कोणी खोकललं तर सगळं आतच. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा दार उघडं ठेवायची इच्छा होत नाही हे मला माहीत आहे, पडदा ओला करून टाका पण फट ठेवा. कूलरचं पाणी रोज बदला.

बायपॅप असणाऱ्या घराला लाइटची काळजी वेगळी. आपल्याकडं वादळ आलं की तार तुटते अन् रात्रभर लाइट येत नाही. इन्व्हर्टरवर मशीन किती तास चालते हे दिवसा, सगळे जागे असताना, एकदा चालवून पाहा. पाणी गरम करणारा भाग, ह्युमिडिफायर, तो बंद केला की बॅटरी बरीच जास्त चालते. महावितरणच्या उपविभागात साधा अर्ज द्या की या घरी श्वासाचं मशीन आहे, पोच घ्या, लाइनमनचा नंबर ठेवा. अंबू बॅग, म्हणजे हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी, घरात ठेवा अन् फिजिओथेरपिस्टकडून दोघांनी तरी वापरायची शिकून घ्या, लाइट गेल्यावर तर कामी येतेच, पण तिच्यानं श्वासावर श्वास भरून खोकला काढायलाही मदत होते. पोटावर हात ठेवून खोकल्याच्या क्षणी दाब द्यायची पद्धत पण तिथंच शिका, लिहून समजणारी नाही अन् चुकीच्या जागी दाब गेला तर इजा होते. मशीनचा मास्क रोज साबणाच्या पाण्यानं धुवा. तूर-सोयाबीनच्या मळणीच्या दिवसात फिल्टर लवकर भरतो, तेव्हा तो वारंवार पाहा. घरात संसर्ग झाला असंल तर बायपॅपमधून निघणाऱ्या हवेनं तो खोलीत पसरू शकतो, म्हणून खिडकी उघडी अन् आत जाणाऱ्याला चांगला मास्क.

व्यायाम बंद पडू देऊ नका. जोराचा नाही, वजन उचलायचं नाही, पण टाचा, गुडघे, बोटं यांचं ताणणं रोज, आंघोळीनंतर अंग गरम असताना. बिछान्यात पडून राह्यलं की गेलेली ताकद परत आणणं अवघड जाते. खाण्यात ठसका लागत असंल तर सरळ बसवून, हनुवटी जरा खाली, छोटे घास, कण्या नाहीतर वरणात कुस्करलेली भाकर.

दवाखान्याचं आधीच ठरवून ठेवा. कोरोनाची दुसरी लाट फेब्रुवारी २०२१ मध्ये आपल्याकडंच, अमरावती-अकोला-यवतमाळात, पहिले चढली होती, बाकी राज्य नंतर. म्हणून मुंबई-पुण्याच्या बातम्या पाहून थांबायचं नाही, गावात अन् तालुक्यात खोकला वाढला की आपली तयारी सुरू. कोणत्या दवाखान्यात बायपॅप अन् एबीजी आहे हे फोन करून विचारून ठेवा, जवळ आहे म्हणून तिथं नेऊन पुन्हा पुढं पाठवण्यात रात्र जाते. १०८ ला फोन करताना पहिल्याच वाक्यात सांगा की श्वासाचे स्नायू कमजोर आहेत अन् पेशंटला उचलावं लागते. सोबत स्वतःचं मशीन, मास्क, वायर, एक्स्टेन्शन बोर्ड, औषधं, फाइल, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगाचं सरकारी ओळखपत्र). साधं नेहमीचं विचारायला ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवरून किंवा व्हिडिओ कॉलवर डॉक्टर मिळतो, त्यासाठी गाडी करायची गरज नाही.

अन् सोबत माणूस राहू देत नसतील तर शांतपणे पण ठाम राहा. नियम सगळ्यांना सारखा म्हणतात, पण ज्याला माशी हाकलता येत नाही त्याला वॉर्डात एकटं ठेवणं हा नियम होऊ शकत नाही. कोणी म्हणालं की या आजारात तसंही काय होणार आहे, याच्यावर बेड काहून अडवायचा, तर गप्प बसू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांत मस्क्युलर डिस्ट्रॉफीचं नाव आहे, अन् आपत्तीच्या वेळी दिव्यांग माणसाला बाकीच्यांइतकंच संरक्षण मिळालं पाहिजे असं त्याच कायद्याच्या कलम ८ मध्ये आहे. माझा भाऊ बारावी झाला, मोबाइलवर कापसाचे भाव पाहून गावातल्या लोकांना सांगतो, त्याच्या श्वासाची किंमत कोणाहून कमी नाही.

लसीचं पण आधीच पाहून ठेवा. मार्च २०२१ मध्ये ४५ ते ५९ वयाच्या आजारी लोकांना लस सुरू झाली तेव्हा २० आजारांच्या यादीत मस्क्युलर डिस्ट्रॉफी होती, पण डुशेनची पोरं त्या वयात बसतच नव्हती, त्यायला १ मे २०२१ ची अन् लहानांना त्याहून पुढची वाट पाहावी लागली. घरी येऊन लस द्यायचं केंद्रानं सांगितलं ते सप्टेंबर २०२१ मध्ये. म्हणून आशाताईकडं अन् पीएचसीत आपल्या माणसाचं नाव, घरी येऊनच लस द्यावी लागेल असं लिहून, आत्ताच देऊन ठेवा. फ्लूची लस दरवर्षी अन् न्युमोनियाची लस, याबद्दल डॉक्टरला विचारा. जास्त स्टिरॉइड चालू असंल तर जिवंत विषाणूची लस चालत नाही, ते नर्सताईला आधी सांगा. दंडाला स्नायूच उरला नसंल तर मांडीत देता येते का तेही विचारा. घरातल्या बाकी सगळ्यांनी लस घेणं हेही त्याच्यासाठीच आहे.

आजार होऊन गेला की ताप उतरला म्हणून फाइल बंद करू नका. महिनाभर तरी मोजणीचा आकडा लिहीत राहा, तो जुन्या जागी परत आला नाही तर झोपेतल्या श्वासाची तपासणी अन् बायपॅपची सेटिंग पुन्हा पाहून घ्यावी लागते. डुशेनवाल्यांनी हृदयाचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्यावा. अन् हे सगळं जूनच्या आत उरका, एकदा नाल्याला पूर आला की आमच्यासारख्या गावातून गाडी निघत नाही.